आधी वारा, मग धग

रेवदंड्यात हीटर कोणी विकत घेत नाही. पौषातल्या पहाटेसुद्धा आमच्या वाड्यांत एक चादर पुरते आणि उरलेलं वर्ष घाम पुसण्यात जातं. अशा गावच्या माणसाचं घर विजेच्या हीटरवर चाललं, असं सांगितलं की पाहुणे हसतात. हा हीटर खोलीत ठेवायचा नसतो. कारखान्यात हवा वाहून नेणारी पत्र्याची चौकोनी नळी असते, तिला डक्ट म्हणतात. त्या डक्टच्या पोटात हा बसतो. तो नीट बसवायला आणि जोडायला शिकता शिकता मी वायरमन झालो. त्याआधी माझ्याजवळ पक्कड, टेस्टर आणि नको तेवढा विश्वास होता. ज्या मिस्त्रींनी मला हे काम शिकवलं त्यांचं आणि त्या कामाचं माझ्यावर देणं आहे. ते फिटायचं नाही, निदान मांडून ठेवावं म्हणून हे लिहितो.

विजेबद्दल आमच्या आळीला जेवढं ठाऊक होतं तेवढंच मला ठाऊक होतं. दिवा लागला की वीज आहे, नाही लागला की एमएसईबीच्या नावाने बोटं मोडायची. नारळी-पोफळीच्या वाडीत विहिरीवर पंप असायचा आणि त्याची वायर माडाच्या खोडाला खिळे मारून नेलेली असायची. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणीतरी त्यात तांब्याच्या चार तारा पिळून घालायचा. मग तो उडायचा नाही आणि आम्ही त्याला हुशार म्हणायचो. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवायला, हे सांगणारं कोणी नव्हतं. अर्थिंग म्हणजे जमिनीत ठोकलेली गंजकी सळई. चौलच्या दत्ताच्या जत्रेत मी दुकानांना दिव्यांच्या माळा जोडून द्यायचो. दोन तारांना पीळ, वर टेप, झाला जोड. दत्ताची कृपा म्हणून कोणाला काही झालं नाही, माझी अक्कल म्हणून नव्हे.

पुढे अलिबागला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला लागलो. तिथे एका शिक्षकांनी गावातल्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट सांगितली होती. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय निरीक्षणं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. गोष्ट ऐकून गंमत वाटली, एवढंच. तारेतून जाणारी वीज तारेपुरती राहत नाही, तिची झळ आजूबाजूला कुठेही पोचते, हा त्यातला धडा माझ्या डोक्यावरून गेला. ओहमचा नियम पाठ होता, तेवढ्यावर पास झालो. टेस्टरचा दिवा लागला तर वीज आहे, नाही लागला तर नाही, ही माझी खरी विद्या.

अप्रेंटिस म्हणून रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. साळावचा पूल ओलांडून चणेरामार्गे एसटीने जायचं. मेंटेनन्सला जे मिस्त्री होते त्यांच्या हाताखाली मला दिलं. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. त्यांना आपलं नाव छापलेलं आवडणार नाही, म्हणून इथेही मिस्त्रीच म्हणतो. बोलायचे कमी. मला ‘पोरा’ म्हणायचे, रागावले की ‘अहो इंजिनियर’.

हवा खेळवणारं मोठं यंत्र, एएचयू, मी पहिल्यांदा पाहिलं ते भर पावसाळ्यात. आत थंड पाण्याच्या नळ्यांची जाळी होती, तिच्यावरून हवा गार होऊन पुढे जायची आणि पुढे गेली की हीटर ती पुन्हा गरम करायचा. मी विचारलं, “मिस्त्री, आधी गार करायची आणि मग गरम करायची, हे कशाला? दोन्हीकडे वीज जाळायची?” ते हसले नाहीत. कोपऱ्यात उघडं पडलेलं पावडरचं एक पोतं होतं, त्यातली पावडर त्यांनी माझ्या हातावर ठेवली. चिकट गोळा झाला होता. “ही रोह्याची हवा. तुमच्या रेवदंड्याला याहून ओली.”

मग त्यांनी पत्र्यावर खडूने मांडून दाखवलं. हवेतलं पाणी काढायचं तर तिला इतकं गार करावं लागतं की पाणी थेंब होऊन गळून पडेल. १२ अंशांपर्यंत गार केलेल्या हवेतलं जास्तीचं पाणी गेलेलं असतं, पण त्या तापमानाला ती अजूनही शंभर टक्के ओलीच असते. तीच हवा हीटरने २२ अंशांवर नेली की आर्द्रता निम्म्याच्या आसपास येते. पाणी काढायचं काम गारव्याचं आणि हवा कोरडी करायचं काम धगीचं. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं की १९०२ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंग एकावर एक बसायचे नाहीत, त्यावर उपाय शोधताना विलिस कॅरियर यांनी आजच्या वातानुकूलनाची सुरुवात केली. आणि १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श यांना निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. लाल होऊनही न जळणारी जी तार आज बहुतेक हीटरांमध्ये असते ती त्याच जातीची. ज्यांना कधी पाहिलं नाही त्या माणसांचंही आपण देणं लागतो, हे वाचताना जाणवलं. पण ती जाण यायला आधी ती चिकट पावडर हातावर यावी लागली.

हीटरचं गणित मिस्त्रींनी माझ्याकडून इतक्यांदा करून घेतलं की आजही झोपेत सांगेन. १८ किलोवॅटचा हीटर, थ्री फेज, ४१५ व्होल्ट; प्रवाह साधारण २५ अँपिअर. मी लगेच २५ अँपिअरची वायर आणि तेवढाच ब्रेकर लिहिला. त्यांनी खोडला. पंप चालतो आणि थांबतो, हीटर तासन्‌तास ओढतच राहतो. म्हणून सव्वापट धरायचं. ते ३१ च्या वर जातं, तेव्हा ब्रेकर ४० चा आणि केबल त्याला पुरून उरेल अशी. शिवाय एएचयूची खोली गरम असते, तिथे केबलची ताकद कमी धरावी लागते.

मग हवेचं गणित. मिनिटाला दोन हजार घनफूट हवा जात असेल तर १८ किलोवॅट तिला साधारण १६ अंशांनी तापवतात. हवा निम्मी झाली तर ३२ अंशांनी. हवा थांबली तर? मी म्हटलं, “मग खूप तापेल.” ते म्हणाले, “खूप म्हणजे किती ते सांग.” मला सांगता येईना. त्यांनीच सांगितलं: काहीही आकडा सांगता येत नाही, कारण मग तापवायला हवाच नसते. हीटर स्वतःला तापवतो. हीटरच्या नळ्या लाल होतात, त्यांच्या पंखांवर बसलेली धूळ पेटते, जवळचं रबर आणि फोम धुमसायला लागतो, आणि डक्टमधून तो धूर सगळ्या खोल्यांत जातो.

म्हणून या यंत्राचा पहिला नियम: आधी पंखा, मग हीटर. बंद करताना उलटं, आधी हीटर, आणि पंखा त्यानंतर काही मिनिटं चालू ठेवायचा, म्हणजे नळ्यांत उरलेली धग निघून जाते. मी हे वहीत लिहून घेतलं आणि म्हणालो, “लक्षात ठेवीन.” या शब्दावर मिस्त्री ठसकन बोलले. “तुझ्या लक्षात राहील यावर हीटर जोडायचा नसतो. तू विसरशील, मी विसरेन, रात्रपाळीचा तर विसरेलच. विसरलेला माणूसही वाचला पाहिजे अशी वायरिंग कर.” माझ्या आयुष्याला वळण देणारी वाक्यं मोजायची झाली तर हे पहिलं.

त्या वाक्याचा अर्थ त्यांनी मला पॅनेलमध्ये एकेक तार दाखवून समजावला. पंख्याच्या स्टार्टरचा जादा काँटॅक्ट हीटरच्या कंट्रोल लाईनमध्ये घ्यायचा, म्हणजे पंख्याचा स्टार्टर ओढल्याशिवाय हीटरची वीज जोडणारा काँटॅक्टर ओढणार नाही. पण स्टार्टर ओढला म्हणजे हवा आली असं नाही; पंख्याचा पट्टा तुटलेला असू शकतो, मोटर नुसतीच फिरत असते. म्हणून डक्टमध्ये हवेचा दाब ओळखणारा स्विच. हवा थोडी कमी पडली, तो स्विच फसला, तर तापमान वाढताच तोडणारा थर्मोस्टॅट. तोही फसला तर त्याच्या वरच्या तापमानाला तोडणारा दुसरा, आणि हा दुसरा आपोआप परत जोडला जात नाही, बटण हाताने दाबावं लागतं. मी विचारलं, हाताने का? “म्हणजे कोणीतरी येऊन बघेल, का तुटलं ते.” शेवटी काँटॅक्टर. त्याचे काँटॅक्ट कधी कधी चिकटून बसतात, कॉइल सोडली तरी सुटत नाहीत. म्हणून मालिकेत आणखी एक काँटॅक्टर, फक्त सुरक्षेसाठी. हे सगळे एका ओळीत. एकाने नाही म्हटलं की हीटर बंद. मला तेव्हा हे अती वाटलं होतं. एवढ्या खर्चात दुसरा हीटर येईल, असंही मी बोललो होतो.

हीटर बसवण्याची जागा ठरवणं म्हणजे पत्रेवाल्याचं काम, अशी माझी समजूत होती. त्यात वायरमनला काय कळायचं? मिस्त्रींनी मला डक्टच्या वळणाशी उभं केलं आणि आत कागदाच्या पट्ट्या चिकटवून पंखा लावला. बाहेरच्या अंगाच्या पट्ट्या फडफडत होत्या, आतल्या अंगाच्या जेमतेम हलत होत्या. हीटर या वळणालाच बसवला असता तर आतल्या बाजूच्या नळ्या हवेविना लाल झाल्या असत्या आणि दाबाच्या स्विचला पत्ता लागला नसता, कारण एकूण हवा तर चालूच होती. म्हणून पंखा, वळण, फिल्टर यांच्यापासून निदान चार फूट सरळ डक्ट सोडायचा. गार जाळीवरून उडणारे पाण्याचे थेंब हीटरवर येता कामा नयेत. हीटरच्या आसपास डक्टला फोम किंवा रबराचं अस्तर नको, रॉकवूल हवी. हीटरचं वजन छताच्या हँगरवर, पत्र्यावर नाही. जोडणीची पेटी डक्टच्या बाहेर, तिच्यावर इन्सुलेशन गुंडाळायचं नाही, नाहीतर पेटी आतल्या आत शिजते. तिचं दार पूर्ण उघडलं पाहिजे, आणि वीज तोडायचा आयसोलेटर तिथून दिसला पाहिजे.

वायर जोडताना तर माझ्या जत्रेतल्या विद्येचं काहीच उरलं नाही. पीळ आणि टेप हे शब्दही चालायचे नाहीत. पेटीच्या आत तांब्याचीच वायर, तीही सिलिकॉनची आणि वर काचेच्या धाग्याचं वेष्टन असलेली. साधं पीव्हीसी त्या उष्णतेत मऊ पडतं. टोकाला क्रिंप केलेला लग, वॉशर, आणि बेताने आवळलेला नट. पहिल्यांदा हीटर तापून थंड झाला की वीज तोडून सगळे नट पुन्हा आवळायचे, कारण धातू फुगतो, आखडतो आणि ढिला पडतो. ढिला जोड म्हणजे कारखान्यातल्या निम्म्या आगी, असं मिस्त्री म्हणायचे. नळ्यांचे तीन सारखे गट करून तीन फेजवर वाटायचे, मग क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा प्रवाह बघायचा. एक कमी भरला तर त्या गटातली नळी गेली. स्टारमध्ये जोडायच्या नळ्या चुकून डेल्टात जोडल्या तर प्रत्येकीला २४० च्या जागी ४१५ व्होल्ट मिळतात आणि ती तिप्पट तापते. म्हणून झाकणाच्या आतला नकाशा वाचल्याशिवाय हात घालायचा नाही. पेटीच्या अंगाला अर्थिंगच्या दोन वेगळ्या पट्ट्या. एक का नाही, या माझ्या प्रश्नावर त्यांनी १९५६ च्या विद्युत नियमांचं पुस्तक माझ्यापुढे टाकलं. मोटरसारख्या थ्री फेज यंत्राला दोन स्वतंत्र अर्थिंग त्यात सांगितली होती, आणि हीटरला त्याहून कमी द्यायचं मिस्त्रींना कारण दिसत नव्हतं.

त्याच पुस्तकात मला दुसरी एक गोष्ट सापडली. प्रत्येक तार आणि अर्थ यांच्यात ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट दिला तर इन्सुलेशनचा रोध निदान १ मेगोहम भरला पाहिजे. हा आकडा पुढे २०१० च्या विनियमांतही राहिला. तो मोजायचं यंत्र म्हणजे मेगर. आमच्याकडे हाताने फिरवायचा जुना मेगर होता. महिनाभर बंद राहिलेला हीटर पावसाळ्यात चालू करायचा होता, मी हँडल फिरवलं आणि काटा जवळजवळ शून्याला टेकला. मला वाटलं, नळी जळाली, नवी मागवू. मिस्त्री म्हणाले, “जळाली नाही, भिजली आहे.” नळीच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ती वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते, म्हणून तर नळीला हात लागला तरी झटका बसत नाही. पण ती पूड ओल ओढते. टोकाचं सील थोडं जरी उघडलं तरी आमच्या हवेतली ओल आत शिरते. त्या नळ्या काढून आम्ही ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवल्या. दुसऱ्या दिवशी मेगर फिरवला आणि काटा वर चढत गेला. डोळ्यांना दिसत नाही, टेस्टरला कळत नाही, अशी एक ओल असते आणि ती मोजता येते, हे कळल्यावर मी टेस्टरवर विसंबणं सोडलं.

टेस्टरचा उरलेला मान मिस्त्रींनी दुसऱ्या एका कामात काढला. हीटरचा आयसोलेटर पाडला, त्याला कुलूप लावलं, चावी माझ्या खिशात घातली. मी पेटी उघडून हात घालणार तोच त्यांनी मनगट धरलं. मीटर आधी चालू लाईनवर लावून तो चालतो का बघ, मग इथे बघ, मग पुन्हा चालू लाईनवर. बघितलं तर पेटीत दोन टर्मिनलांवर २३० व्होल्ट होते. हीटरची वीज तुटली होती, पण पंख्याच्या पॅनेलमधून आलेली कंट्रोलची तार जिवंत होती. त्यांनी मला काही सुनावलं नाही. मनगट मात्र बराच वेळ सोडलं नाही.

सगळ्यात मोठा धडा कोणी दिला नाही, तो समोर आला. एका वार्षिक शटडाऊनला आम्ही कंट्रोलची एकेक तार तपासत होतो. हवेच्या दाबाच्या स्विचवर कोणीतरी लूप मारलेला सापडला. दोन टर्मिनल एका तुकड्याने जोडून टाकलेले, म्हणजे हवा असो-नसो, स्विच ‘हो’च म्हणणार. किती दिवसांपासून होता देव जाणे. मी चिडलो, नाव शोधून काढू म्हणालो. मिस्त्रींनी आधी फिल्टर काढायला लावला. तो धुळीने बंद झाला होता. हवा कमी पडत होती, म्हणून स्विच ट्रिप करत होता. स्विच आपलं काम करत होता. रात्री माल खराब होऊ नये म्हणून कोणीतरी तक्रार करणाऱ्याचंच तोंड बांधलं. फिल्टर बदलला, लूप काढला, लॉगबुकात लिहिलं. नाव शोधलं नाही. “फिल्टर बदलायची तारीख लावून दे, परत कोणाला लूप मारावासा वाटणार नाही,” एवढंच ते म्हणाले. माणसाला पकडण्यापेक्षा कारण पकडायचं, हे मी तिथे शिकलो. संसारातही ते उपयोगी पडलं.

काम संपलं की मी बटण दाबून ‘चालू झाला’ म्हणायचो. मिस्त्रींच्या लेखी ते कामाचं शेवटचं टोक नव्हतंच. ते हीटर चालू असताना मुद्दाम पंखा बंद करायचे आणि काँटॅक्टर सुटल्याचा आवाज ऐकायचे. मग हवेच्या तोंडावर पुठ्ठा धरून हवा कमी करायचे आणि ठरलेल्या तापमानाला थर्मोस्टॅट तोडतो का ते बघायचे. चालतो हे दाखवणं सोपं; चालायला नको तेव्हा बंद पडतो हे दाखवल्याशिवाय ते कागदावर सही करायचे नाहीत. त्यांच्याच आग्रहाने मी परीक्षा देऊन वायरमनचा परवाना घेतला. त्यांनी फीचे पैसे दिले आणि परत घेतले नाहीत.

पुढे मी गावी परतलो, स्वतःची छोटी कामं घेऊ लागलो. हीटर मागे पडला असं वाटलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. माड, पोफळी, खांब, तारा सगळं आडवं झालं. वाड्यांतली घरं मीटरपेट्यांसह भिजली. कित्येक दिवस वीज नव्हती, आणि लोक ती येण्याची वाट बघत होते. मला मात्र ती येईल त्या क्षणाची भीती वाटत होती. माझ्या डोळ्यांपुढे ती पांढरी पूड होती. ओल दिसत नाही. मेगर घेऊन मी घराघरांत फिरलो. मेन स्विच पाडायचा, दिवे-पंखे काढायचे, ५०० व्होल्ट लावून मोजायचं. जिथे १ मेगोहम भरला नाही तिथे बोर्ड उघडून सुकवायला सांगायचं. काही जण रागावले, इतके दिवस अंधारात काढून वर आणि थांबायचं? ज्यांच्याकडे जनरेटर होते त्यांना हात जोडून सांगितलं, मेन पाडल्याशिवाय लावू नका, नाहीतर तुमची वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेला महावितरणचा माणूस मरेल. अर्थिंगचे पाइप उकरले तेव्हा कळलं की आमच्या खाऱ्या वाळूत ते किती लवकर गंजून जातात. रीडिंग चांगलं येतं आणि काही पावसांनी पाइपच उरत नाही. हे सगळं मी करत होतो, पण कोण करवून घेत होतं ते मला ठाऊक होतं.

आणि मग हीटर स्वतःच रेवदंड्याला आला. कोळीवाड्यातल्या एका बचत गटाने मासळी सुकवायचं यंत्र घेतलं. अवेळी पाऊस आला की वलांडीवर वाळत घातलेले बोंबील नासतात, त्यावर उपाय. कपाटासारखी पेटी, आत जाळीचे ट्रे, एका अंगाला पंखा आणि डक्टमध्ये सहा किलोवॅटचा हीटर. यंत्र बाहेरून बनून आलं होतं. पंख्याला आणि हीटरला मिळून एकच स्विच. हवेचा स्विच नाही, हाताने रिसेट करायचा थर्मोस्टॅट नाही. मला जोडून द्यायला बोलावलं होतं, अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, असं जोडणार नाही. पंख्याचा आणि हीटरचा काँटॅक्टर वेगळा केला, पंखा मागून चालू राहील असा टायमर घातला, हवेचा स्विच आणि दोन थर्मोस्टॅट बसवले, माणसाच्या जिवासाठी, वीज गळू लागली की तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला. तापमान ४५ अंशांवर ठेवलं, त्यापुढे मासळी सुकायच्याऐवजी शिजते. खर्च वाढला, त्याबद्दल गटात कुजबुज झाली, ती रास्तच होती.

मी समजावून सांगत होतो, तेवढ्यात एका वयस्क मावशींनी विचारलं, “पंखा बंद परला तं?” मी चालू यंत्राचा पंखा बंद केला. काँटॅक्टर खाडकन सुटला. त्यांनी मान हलवली. “बराबर. वारा परला का बोंबील कुजतान. तवा आमी तितनं हलत नाय.” वारा नसेल तर उन्हाचा काही उपयोग नाही, आणि वारा पडला की माणसाने जागं राहायचं, हे त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मला ते कळायला एक कारखाना आणि एक मिस्त्री लागला. त्यानंतर खर्चाचं कोणी काढलं नाही.

मिस्त्री आता निवृत्त आहेत. मासळीच्या यंत्राची जोडणी त्यांना फोनवर सांगितली तेव्हा त्यांनी शाबासकी दिली नाही, “फिल्टर कोण साफ करणार आहे?” असं विचारलं. मी ते ठरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन गटातल्या दोघींना शिकवलं आणि भिंतीवर तारखांचा तक्ता लावला. शिकणं संपलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

देणं फेडायचा एकच मार्ग मला सुचतो, तो म्हणजे जे मिळालं ते पुढे देणं. म्हणून वाचणाऱ्यांना विनंती. तुमच्या घरच्या, वाडीतल्या, दुकानातल्या फ्यूजमध्ये जाड तार पिळलेली असेल तर ती आज काढून घ्या. वायरमनला बोलावताना परवाना विचारा. विचारल्याचा राग येणारा वायरमन आपल्या कामाचा नाही. काम झालं की मेगरचं रीडिंग कागदावर लिहून मागा. गरम होणारं कोणतंही यंत्र बसवलं तर ते चालू करून दाखवा म्हणू नका, पंखा बंद केल्यावर ते आपण होऊन बंद पडतं का ते दाखवा म्हणा. आणि एखादा स्विच सारखा ट्रिप होत असेल तर त्याच्यावर लूप मारू देऊ नका. तो काय सांगतो आहे ते आधी शोधा.